विचारा मास्तरांना : खिशात ठेवायचा चाकू कोणता घ्यावा?

गेल्या अंकात विळ्याला मूठ कशी बसवायची ते सांगताना मी ओघात लिहून गेलो की माझ्या खिशात गेली बावीस वर्षं एकच घडीचा चाकू आहे. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की विळा राहिला बाजूलाच. आयटीआयला फिटर ट्रेड शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली पण पोरांनी वर्गात एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. म्हणून या वेळचं सदर सगळं चाकूवर. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

मास्तर रामराम. घरची तीन एकर मोसंबी आहे आणि मी बाईकवर जालन्याला एमआयडीसीत शिफ्टला जातो. रोज खिशात राहील आणि वेळप्रसंगी दगा देणार नाही असा फोल्डिंग चाकू घ्यायचाय. बजेट दीड-दोन हजार. मोबाईलवर एक काळा बघितला, त्यात चाकू, बॅटरी, काच फोडायचं टोक, होकायंत्र, सगळं साडेतीनशेत. मित्र म्हणतो रामपुरी घे, बटण दाबलं की खटकन उघडतो. आई म्हणते कामून चाकू घेऊन हिंडतो, पोलीस धरतील. काय करू?
— अंबड तालुका, जि. जालना

रामराम. आधी त्या साडेतीनशेवाल्याचं सांगतो. असाच एक काळा चाकू माझ्याकडच्या एका पोरानं मागवला होता, त्यालाही बॅटरी होती आणि होकायंत्र होतं, ते सकाळी जी उत्तर दिशा दाखवायचं ती दुपारी भलतीकडंच जायची. शेतात ठिबकची नळी कापायला घेतला. नळी अर्धी कापली गेली, पातं त्यात अडकलं, यानं ते सोडवायला मनगट जरा पिळलं आणि आतली लॉकची पट्टी सरकली, पातं गपकन मिटलं, मध्ये याची बोटं. तर्जनीला तीन टाके. नंतर मी तो चाकू खोलून बघितला तर लॉकची पट्टी गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याएवढी, नखानं वाकत होती. बॅटरी मात्र लागत होती अजून.

घडीचा चाकू म्हणजे मुळातच मधून मोडलेला चाकू, त्याला बिजागरी आहे एवढंच. म्हणून पातं, रंग, टोक वगैरे नंतर बघ, आधी लॉक बघ. बाजारात मुख्यतः तीन-चार तऱ्हा मिळतात. एकात लॉकच नसतो, पाठीतल्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहतं, त्याला स्लिपजॉइंट म्हणतात, आपल्या आठवडी बाजारातला लाकडी मुठीचा साधा चाकू याच जातीचा. फळं, सुतळी, कागद याला तो मस्त, पण टोक खुपसायचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं नाही. दुसरा लायनर लॉक, पातं उघडलं की आतली पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडामागं टेकू देते. हीच पट्टी म्हणजे मुठीचीच एक बाजू असली की तो फ्रेम लॉक, जास्त दणकट. तिसरा बॅक लॉक, मुठीच्या पाठीवर एक दांडी असते ती दाबल्याशिवाय पातं मिटत नाही, मिटताना बोटं वाटेत येत नाहीत म्हणून नवशिक्याला मी हाच सांगतो. आणि एक कडीवाला, मुठीच्या गळ्यात लोखंडी कडी असते ती हातानं फिरवली की झालं कुलूप. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा हा प्रकार, कंपनी १८९० ची आणि ही कडी आली १९५५ साली, बघायला अगदी खेडवळ वाटतो पण त्यात बिघडायला काही नाहीच.

दुकानात गेलास तर असं कर. पातं पूर्ण उघड, मूठ घट्ट धर आणि पातं वर-खाली, डावी-उजवीकडं हलवून बघ, लटलट लागली तर ठेवून दे. मग बोटं मिटायच्या वाटेतून बाजूला घेऊन पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबत जा, ठोकायचं नाही, दाबायचं. लॉक सरकला तर त्याच टेबलावर ठेवून ये. लायनर लॉक असेल तर उघडल्यावर पट्टी नीट बघ, ती पात्याच्या बुडाला नुसती कडेनं चाटून गेलेली नको आणि पार पलीकडं जाऊन भिडलेलीही नको, कारण झिजत गेली की ती अजून पुढं सरकते, तिला जायला जागा राहिली पाहिजे. बिजागरीला स्क्रू असेल तर उत्तम, सैल झाला की घरी आवळता येतो. रिव्हेट मारलेला असेल तर सैल झाला की सैलच.

आता पोलाद. पात्यावर नुसतं स्टेनलेस किंवा सर्जिकल स्टील लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, चमचापण स्टेनलेसच असतो. नेमका ग्रेड लिहिलेला घे. ४२० मऊ असतो, धार लवकर जाते पण लवकर लागतेही. ४४०सी, १४सी२८एन हे खिशातल्या चाकूला चांगले. डी-२ लोकांना लई आवडतो, धार खूप दिवस टिकते खरी पण त्यात गंज थोपवणारं क्रोमियम साधारण १२ टक्के असूनही बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी बांधलेल्या कठीण कणांत, अडकलेलं असतं म्हणून तो पूर्ण स्टेनलेस नाही, पावसाळ्यात ओला ठेवला की ठिपके धरतो. साधं कार्बन पोलाद धारेला सगळ्यात गुणी, पण तुझी मोसंबी कापलीस आणि तसाच खिशात टाकलास तर संध्याकाळी पातं काळं-निळं. त्यानं बिघडत नाही, फक्त तांबेरा धरायच्या आत पुसायचा. तू घामानं आणि मोसंबीच्या रसानं भरलेल्या हातानं वापरणार, तुला स्टेनलेसच बरा.

लांबी तीन इंच पुरे. साडेतीनच्या वर खिशात टोचतो आणि चारचौघांत काढला की माणसं दचकतात.

रामपुरी नकोच आणि बटणाचा कुठलाच नको. पोलिसाला तो बघितल्या बघितल्या गुंडाचंच हत्यार वाटतो आणि त्याला दोष देता येत नाही. कायद्याचं थोडक्यात असं, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे अशी धारदार हत्यारं येतात आणि त्यातूनही घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली वगळलीत. म्हणजे तुझा तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण सणवार, निवडणूक, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो, पेपरात येतो बघ, त्या दिवसांत शस्त्रं, चाकू, काठ्या घेऊन सार्वजनिक जागी फिरायला बंदी असते. तेवढे दिवस चाकू घरी ठेवायचा, विषय संपला. आईला सांग, तिची भीती अगदीच खोटी नाही.

मग घेऊ काय? ओपिनेलचा ८ नंबरचा इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस, बघ, पातं साडेआठ सेंटीमीटर, वजनाला काहीच नाही. खोड एकच, मूठ लाकडाची असल्यानं भर पावसात ती फुगते आणि पातं निघता निघत नाही. ते चालत नसेल तर ग्रेड लिहिलेला, स्क्रूवाला, बॅक लॉकचा कुठलाही नीट बनवलेला. आणि एक, डोळे भरायला, म्हणजे मोसंबीचं कलम करायला, हा वापरू नकोस. कलमाचा चाकू वेगळा, त्याची धार एकाच बाजूनं असते आणि तो झाडागणिक निर्जंतुक करावा लागतो, ज्या पात्यानं तू ताडपत्री कापली त्यानं मोसंबीची साल उघडलीस तर डोळा जगायचा नाही आणि एका झाडाचा रोग पुढच्या दहा झाडांना तूच देशील.

मी शिक्षिका आहे, परभणीहून रोज गंगाखेडला एसटीनं जाते, हिवाळ्यात परतायला अंधार होतो. आई म्हणते पर्समध्ये चाकू ठेवत जा. कोणता ठेवू?
— परभणी

ताई, आईच्या मायेबद्दल दुमत नाही पण स्वसंरक्षणाला चाकू मी कुणालाच सांगत नाही, पोरालाही नाही. पर्सची चेन, त्यात डबा, पेपरांचा गठ्ठा, त्याखाली चाकू, तो काढून उघडेपर्यंत अर्धं मिनिट जातं, आणि समोरच्याच्या हाताला लागला तर तो आता त्याचा चाकू. माझी लेक नांदेडला शिकायला होती तेव्हा मी तिला शिट्टी दिली होती, पीटीच्या मास्तरची असते ती लोखंडी, किल्लीच्या जुडग्याला. आणि ११२ नंबर लॉकस्क्रीनवरून कसा लावायचा ते चार वेळा करून घेतलं होतं. ती हसायची. शिट्टी अजून आहे तिच्याकडं.

तरीपण पर्समध्ये छोटा चाकू असावाच, इतर कामांना. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा मिळतो, मिटला की करंगळीएवढा, त्यात कात्री, कानस, चिमटा. लॉक नाही पण त्याला गरजही नाही. शाळेत दोरा, पॅकिंगची पट्टी, पोरांच्या पेन्सिली, सगळ्याला कात्रीच जास्त लागेल तुम्हाला, लिहून ठेवा.

आमचं गाव किल्लारीपासून जवळच. ९३ पासून उशाशी बॅटरी आणि चाकू ठेवायची घरात सवय आहे. भूकंप, साप, जनावर अडकणं अशा टायमाला उपयोगी पडेल असा चाकू सांगा. वडील म्हणायचे साप चावला की चिरा द्यायला चाकू पाहिजेच. आणि जनावराचं पोट फुगलं तर कुठं टोचायचं तेही लिहा.
— औसा तालुका, जि. लातूर

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी ऐकून मला घाम फुटला म्हणून आधी त्याच घेतो.

साप चावल्यावर चिरा द्यायचा नाही. अजिबात नाही. विष चिऱ्यातून बाहेर येत नाही, ते आत पसरलेलं असतं, आणि घोणस किंवा फुरसं चावलेलं असेल तर रक्त गोठायचंच थांबतं, तिथं तुम्ही चिरा दिला तर ते रक्त बंद कसं करणार? करकचून दोरीही बांधायची नाही, तोंडानं ओढायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, कडं काढून घ्या कारण हात सुजतो. माणसाला चालवू नका, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा किंवा जी गाडी मिळेल तिच्यात घालून जिथं सर्पविषाची लस आहे अशा दवाखान्यात न्या, निघताना फोन करून लस आहे का विचारून घ्या, ह्यात वाचलेली वीस मिनिटंच माणूस वाचवतात. मण्यार चावली तर कधी कधी दुखतही नाही, सूजही नाही, रात्री झोपेत काहीतरी चावलं आणि सकाळी पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं असलं तरी हेच करायचं.

पोटफुगीचंही तसंच. ओलं लसूणघास जास्त खाल्लं की गाय फुगते, डावी कूस नगाऱ्यासारखी वाजते, आणि गावात कुणीतरी शहाणा चाकू घेऊन पुढं होतोच. डॉक्टर टोचतात ते ट्रोकार नावाच्या जाड टोकदार सुईनं, त्याच्यासोबत नळी असते जी आतच राहते आणि हवा बाहेर जात राहते. चाकूनं केलेल्या भोकातून पोटातलं आंबलेलं वैरणपाणी आत सांडतं आणि गाय त्या दिवशी वाचली तरी आठ दिवसांनी जाते. १९६२ ला फोन लावा, पशुवैद्यकाची गाडी येते, तोवर तिचं तोंड चढाकडं करून उभी ठेवा.

आता चाकूचं खरं काम. जनावरांच्या बाबतीत ते म्हणजे दावं कापणं. आमचं वासरू एकदा गोठ्याच्या फाटकावरून उडी मारायला गेलं आणि दाव्यानं लटकलं, डोळे बाहेर आलेले, पाय झाडतंय. पूर्वी अंबाडीचं दावं असायचं ते विळ्याच्या दोन ओढीत जायचं, आता सगळं नायलॉन, विळा त्याच्यावरून नुसता घसरतो. तेव्हा कळालं की दावं कापायचं ते गळ्याजवळ नाही, जिथं ते ताणलेलं आहे तिथं, फाटकाच्या बाजूला, धार जनावरापासून लांब धरून. ताणलेलं दावं धारेला लागलं की फटकन सुटतं, सैल दावं तुम्ही कितीही घासा. मुळाशी थोडे करवतीसारखे दाते असलेलं पातं नायलॉनला चांगलं चालतं पण त्याला घरी धार लावणं जिकिरीचं, मी साधी धार आणि ती कायम तयार ठेवणं पसंत करतो.

भूकंपाचं म्हणाल तर ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर तिसऱ्या दिवशी मी पोरं घेऊन तिकडं गेलो होतो. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं, सगळं एकाच ढिगात. तिथं लागलं काय तर पहार, फावडं, घमेलं आणि माणसांचे हात. माझा तेव्हाचा चाकू मदतीच्या गठ्ठ्यांची सुतळी आणि ताडपत्रीच्या दोऱ्या कापायला लागला, दिवसभर तेवढंच. तेव्हा उशाशी बॅटरी, शिट्टी आणि चपला ठेवा, चपला आधी, काचा आणि खिळ्यांतून अनवाणी पळता येत नाही. चाकू असला तर असू द्या. दाराबाहेर पहार ठेवा.

समृद्धीवर महिन्यातून दोनदा गाडी नेतो. अपघातात सीट बेल्ट कापायला आणि काच फोडायला जमेल असा चाकू सांगा.
— छत्रपती संभाजीनगर

ह्याला चाकू नकोच. सीट बेल्ट कापायला वळलेल्या हुकात पातं दडवलेलं कटर मिळतं, उलटं लटकलेलं असताना उघडी धार पोटाजवळ फिरवायला कुणाला जमणार. काच फोडायचं टोक दारांच्या काचांवर चालतं कारण त्या बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, कोपऱ्यात मारली की पोहे पसरावेत तसा चुरा होतो. समोरची काच लॅमिनेटेड असते, मध्ये प्लास्टिकचा थर, ती तडकते पण पडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतायत, काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात लिहिलेलं असतं, आजच बघून घ्या. आणि ते कटर डॅशबोर्डच्या खणात टाकू नका, बेल्ट अडकलेला असताना तिथवर हात पोचत नाही. सीटच्या बाजूला वेल्क्रोनं चिकटवा.

चांगला चाकू घेतला होता, धार गेली म्हणून बाजारात सायकलवाल्या धारवाल्याकडं दिला, ठिणग्या लई उडाल्या, चकाचक करून दिला पण आता दोन दिवसांत पुन्हा बोथट होतोय. असं का?
— अंबाजोगाई

धारेपाशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतोय का बघा. दिसत असेल तर पोलाद तापलं, त्याचं पाणी उतरलं. लोहार जे पाणी देतो ना, तापवून विझवून, ते त्या चाकावर दोन मिनिटांत गेलं. तेवढा मऊ भाग झिजेपर्यंत धार टिकायची नाही. धारवाल्याची चूक म्हणता येणार नाही, त्याच्याकडं कोयते आणि विळे येतात, जाड पाठीचे, ते सहन करतात. कोयत्याचं पातं आणि चाकूचं पातं यात बैलगाडी आणि सायकलचा फरक आहे.

हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही बाजूंचा कुरुंदाचा दगड मिळतो, एक बाजू भरड एक बारीक, तेवढा पुरे. पाणी टाका, पातं साधारण १५ ते २० अंशांत धरा, अंदाज येत नसेल तर पात्याची पाठ दगडापासून एक रुपयाची तीन-चार नाणी एकावर एक ठेवल्याएवढी उचला, आणि दगडावरून पातळ साल काढायची असल्यासारखं ओढा. एका बाजूनं ओढत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागते, ती अख्ख्या धारेवर लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढा, दहा-दहा वेळा. घाई असेल आणि दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला, बुडाची जी खरखरीत बिनचकाकीची कड असते तिच्यावरसुद्धा धार लागते, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याच्या कपावर मी लावलेली आहे आणि शिव्याही खाल्लेल्या आहेत. धार कळायची तर पिकलेला टोमॅटो घ्या, पातं नुसतं ठेवून ओढलं की साल फाटली पाहिजे, दाबावं लागलं तर अजून बसा.

तेल विचारणारे चार-पाच जण आहेत. बिजागरीत करडीचं किंवा जवसाचं तेल घालू नका, ती सुकून चिकट राळ होते आणि पातं उघडेना होतं. शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. ज्या पात्यानं खायचं कापता त्याला खोबरेल चालेल, बोटानं पुसट.

चिकलठाण्याहून विमानानं जायचंय, चाकू चालतो का?
— पैठण

हातातल्या बॅगेत नाही, कितीही छोटा असला तरी सोबत नेऊ नका. चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून द्या.

मास्तर, सगळ्यांना सांगताय पण तुमचा तो बावीस वर्षांचा चाकू कोणता, ते सांगा की.
— उदगीर

संभाजीनगरच्या गुलमंडीत एका कटलरीच्या दुकानात घेतलेला, बॅक लॉक, तेव्हा एकशे ऐंशी रुपयांना. कंपनीचं नाव घासून घासून कधीच गेलं. टोक एकदा रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना मोडलं, ज्या कामाला स्क्रू ड्रायव्हर घ्या म्हणून पोरांना रोज सांगायचो नेमकं तेच, मग कानशीनं घासून गोल केलं. धार लावून लावून पातं अर्ध्यावर आलंय, मिटलं की मुठीत पार बुडतं आणि नख लावायची खाच जेमतेम सापडते. गेले आठ दिवस मात्र तो माझ्या खिशात नाही. घरच्यांनी स्वयंपाकघरात नेलाय, भेंडी याच्यानंच बरी चिरते म्हणे, आणि मागितला तर विचारतात, तुम्हाला आता रिटायर झाल्यावर काय कापायचंय.